वाघाला दिलेला शब्द

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



बेंगळुरूतील मराठी घरात वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला दोन वाघ येतात. पहिला आजीच्या मांडीवर भेटतो. लेकीच्या गावी निघालेल्या म्हातारीला तो रानात अडवतो. म्हातारी त्याला आपली हाडे दाखवते आणि सांगते की लेकीकडे चार दिवस खाऊनपिऊन अंगाने भरते, परत येताना खुशाल खा. दुसरा वाघ काही वर्षांनी शाळेत भेटतो, कन्नडच्या तासाला. त्याचे नाव अर्भुत. तो पुण्यकोटी नावाच्या गाईला अडवतो आणि गाय म्हणते की गोठ्यात वासरू भुकेले आहे, त्याला एकदा पाजून येते, मग खुशाल खा.

दोन्ही गोष्टींचा सांगाडा एकच आहे. वाट रानातली, अडवणारा भुकेला, अडवली गेलेली बाईमाणूस किंवा गाय, आणि मागणे एवढेच की आता जाऊ दे, मी परत येईन. वाघ दोन्हीकडे भोळा, विश्वास ठेवतो. पण पुढे वाटा फुटतात. गाय परत येते आणि वाघासमोर उभी राहते. म्हातारीही परत येते, पण भोपळ्यात बसून, आणि वाघाच्या डोळ्यांदेखत घरंगळत निघून जाते. एक गोष्ट दिलेला शब्द पाळायला सांगते, दुसरी तो चुकवायला. दोन्ही तालावर म्हटल्या जातात, दोन्ही तोंडपाठ होतात आणि दोन्ही मुलाला सारख्याच आवडतात. परीक्षेत पहिलीचे तात्पर्य ‘नेहमी सत्य बोलावे’ असे लिहिले की पूर्ण गुण मिळतात. दुसरीचे ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ असे लिहिले की तिलाही पूर्ण गुण मिळतात. या दोन उत्तरांचे आपसांत पटत नाही, हे परीक्षकाच्या लक्षात येत नसले तरी सात-आठ वर्षांच्या मुलाच्या लक्षात येते. मग ते विचारते : वाघाला दिलेला शब्द पाळायचा की नाही?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि तात्पर्याच्या एका वाक्यात तो मिटतही नाही. गोष्टीच्या शेपटाला तात्पर्य बांधण्याची सवय आपल्याला इसापनीतीने लावली. मराठीत इसाप छापून आला तो दक्षिणेतच, तंजावरला, सरफोजीराजांच्या छापखान्यातून, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. त्या पुस्तकाचे नाव ‘बालबोधमुक्तावली’. बेंगळुरूकरांना यात थोडे कौतुक वाटावे असा योग आहे : तंजावरचे भोसले घराणे ज्यांच्यापासून सुरू झाले ते व्यंकोजी शहाजीराजांचे पुत्र, आणि बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर. पण इसापाची गोष्ट गद्यात असते. ती सांगून झाली की संपते, म्हणून तिला शेवटी गाठ मारावी लागते. यमकातली गोष्ट संपत नाही. ती शंभरदा म्हटली जाते, अर्थ कळण्याच्या आधी ती जिभेवर बसलेली असते आणि अर्थ पुढे वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने कळत राहतो. तिची शिकवण शेवटच्या कडव्यात शोधू नये. कवीने, किंवा कवीचे नाव हरवले असेल तर परंपरेने, जिथे मुक्काम केला आहे तिथे ती शोधावी.

‘गोविन हाडु’ म्हणजे गाईचे गाणे. कर्नाटकातील शाळकरी मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांनी हे पाठ केले आहे. मराठी कानाला त्यात प्रथम काहीतरी चुकल्यासारखे वाटते. आपले यमक ओळीच्या शेवटी असते. कान तिथे वाट पाहत बसतो. जुन्या कन्नड कवितेतला प्रास ओळीच्या आरंभी, दुसऱ्या अक्षरावर असतो. या गाण्याच्या पहिल्या कडव्यात चारही ओळींचे दुसरे अक्षर ‘र’चे आहे. ज्या घरात दोन्ही भाषा वाजतात तिथल्या मुलाला ओळीची दोन्ही टोके ऐकू येतात, ही मिळकत थोडी नव्हे.

कालिंग नावाचा गवळी सकाळी आपल्या गाईंना नावाने हाका मारतो. त्यांत गंगा आहे, गौरी आहे, तुंगभद्रा आहे आणि पुण्यकोटी आहे. ज्या गाईला नाव आहे तिचे मरण कळपातले एक जनावर कमी होण्याइतके सोपे उरत नाही. गाण्याने हे आधीच करून ठेवलेले असते. पुढे वाघ येतो, शब्द दिला जातो, आणि गाय गोठ्यात परतते. घाईने सांगणारा इथून थेट गुहेकडे जातो. गाणे मात्र गोठ्यातच रेंगाळते. वासरू आईला विचारते की तू कशाला मरतेस, मला पोरके कशाला करतेस, इथेच गप्प राहा ना. आई म्हणते, दिलेला शब्द मोडता येणार नाही. मग वासरू सत्यावर वाद घालत नाही. ते दूध कोणाचे प्यावे आणि रात्री कोणाच्या कुशीत निजावे एवढेच विचारते.

पुण्यकोटी या प्रश्नांना तत्त्वज्ञानाने उत्तर देत नाही. ती गोठ्यातल्या इतर गाईंकडे वळते. त्यांना बहिणी म्हणते, आया म्हणते, आणि सांगते की हे तुमच्या पोटचे समजा. समोरून आले तर शिंग उगारू नका, मागून आले तर लाथ मारू नका. गाण्याचा जीव इथे आहे. वाघासमोर धैर्याने उभे राहणे हे एकटीला जमेल, परंतु तिच्या सत्याची किंमत वासरू भरणार आहे आणि ती किंमत कमी करणे बाकीच्या गोठ्याच्या हाती आहे. ‘खरे बोलावे’ हा धडा वासराला एकट्याने शिकायचा नाही. ‘खरे बोलणाऱ्याचे पोर उघड्यावर पडू देऊ नये’ हा धडा इतर गाईंना आहे, म्हणजे ऐकणाऱ्या मोठ्या माणसांना. वर्गात मात्र तो क्वचितच उच्चारला जातो. लाच न घेतल्यामुळे ज्याची बदली झाली अशा कारकुनाच्या घरी शेजारच्या किती जणांनी चौकशी केली, असा प्रश्न या गाण्यावर काढायला हरकत नसावी.

कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा यांनी हेच ठिकाण नेमके पकडले. त्यांची १९६८ची ‘तब्बलियु नीनादे मगने’ ही कादंबरी नावासाठी या गाण्याकडे येते ती वासराच्या पोरकेपणापाशी. सत्याच्या थोरवीपाशी नव्हे. अमेरिकेत शिकून गावी परतलेला गवळ्याचा नातू, त्याची परदेशी पत्नी आणि गाईकडे पाहण्याच्या दोन दृष्टींमधली दरी हा तिचा विषय. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादातून ती ‘पारखा’ या नावाने मराठीत आली आणि गिरीश कार्नाड व ब. व. कारंत यांनी तिच्यावर १९७७ साली चित्रपट केला. बालगीत म्हणून बाजूला ठेवलेल्या एका गाण्याने प्रौढांचे एवढे वाद पेलले.

आणि वाघ? सत्याने तो विरघळतो, गाईला बहीण मानतो, तिला खाल्ले तर देव काय म्हणेल असे म्हणतो आणि उडी घेऊन प्राण देतो. मुले इथे अडखळतात. त्याने तर खाल्ले नाही, मग तो का मेला? काही सांगणारे दयाळूपणे वाघाला रानात परत पाठवतात. पद्मपुराणात हीच कथा नंदा गाईची आहे; तिथला वाघ म्हणजे पाडसाला पाजणाऱ्या हरिणीला बाण मारल्यामुळे शाप मिळालेला प्रभंजन राजा, आणि गाईमुळे त्याला पुन्हा माणसाचा देह मिळतो. पुराणाने न्याय चोख केला. कन्नड गाण्याने तो चोख ठेवला नाही, आणि बरेच केले. वाघाला भूक लागणे हा अपराध नव्हे. गाईचा शब्द खरा ठरल्यावर त्याच्यापुढे उपाशी राहण्यावाचून दुसरी वाट नव्हती. एकाचे सत्य दुसऱ्याला महागात पडते ही गोष्ट मुलापासून लपवण्यात फारसे शहाणपण नाही. ते रडले तर रडू द्यावे.

आता भोपळ्याकडे येऊ. म्हातारी खोटे बोलली का? हा प्रश्न एखाद्या दुपारी मुलांनाच घालून पाहावा. वकिली करण्यात ती आपल्याला हार जाणार नाहीत. म्हातारीने सांगितले होते की लेकीकडे जाते, खाते, जाडजूड होते आणि परत येते. यातले सगळे तिने केले. परत येताना ओळखू येईन, असे मात्र ती कुठे म्हणाली नव्हती. भोपळ्याआडून तिने म्हातारी पाहिलीच नाही असे सांगितले, तेवढे खोटे. पण मुळात हा शब्द कोणत्या परिस्थितीत दिला गेला? समोर जबडा उघडा असताना. गळ्यावर सुरी ठेवून लिहून घेतलेला कागद न्यायालयातही टिकत नाही, आणि लोकपरंपरेचे न्यायालय याबाबतीत फारच स्पष्ट आहे. तिच्या लेखी वाघाचे काही देणे लागत नाही.

हा निवाडा एकट्या मराठीचा नाही. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१०च्या ‘टुनटुनिर बई’मध्ये अशीच एक कुबडी म्हातारी भोपळ्यात बसून निघते. इराणात हीच आजी लांडगा, बिबट्या आणि सिंह यांना चकवत घरंगळत येते आणि तिथल्या भोपळ्याच्या नावातही गडगडण्याचा नाद आहे. ज्यांच्याजवळ नखे नाहीत अशा माणसांनी इतक्या लांबवर ही युक्ती एकमेकांना शिकवली, आणि तिला ताल दिला, कारण भीती वाटत असताना तालच आठवतो.

या गोष्टीतही मुक्कामाची जागा वेगळी आहे. म्हातारीची युक्ती जाताना अर्धीच होती. ‘परत येते’ म्हणून वेळ मारून नेली, पण परतायचे कसे हे तिला ठाऊक नव्हते. भोपळ्याची सोय लेकीकडे होते. लेकीच्या घरचे पाणीही घेऊ नये असे मानणारी घरे आपल्या समाजात कालपरवापर्यंत होती. ही गोष्ट सांगणाऱ्या बायकांनी त्या नियमाकडे सरळ पाठ फिरवली आहे. त्यांची म्हातारी लेकीकडे पोटभर जेवते, राहते, अंगाने भरते आणि लेकीने दिलेल्या वाहनातून सुखरूप घरी येते. शक्ती-युक्तीचे तात्पर्य पुस्तकासाठी ठीक आहे. मांडीवर बसलेल्या नातीला आजी त्याहून मोठे काही सांगत असते. घरात मुलगा हवा म्हणून नवस बोलले जात असतानाही ती हेच सांगत असे.

तर मग दोन वाघांचा हिशेब कसा लागतो? पुण्यकोटी शब्द देते तो वासरासाठी. तिला मागितलेली सवलत वापरायची आहे आणि ती वापरून झाल्यावर तिच्यावर खरेच काही देणे उरते. म्हातारी शब्द देते तो स्वतःच्या जिवासाठी, बळजबरीखाली. एका गोष्टीत विश्वासाची किंमत आहे, दुसरीत धाकाला किंमत नाही. मुलाला दोन्ही लागणार आहेत, कारण पुढे त्याला दोन्ही प्रकारचे लोक भेटणार आहेत आणि कोणासमोर गाय व्हायचे व कोणासमोर म्हातारी, हे त्याचे त्याला ठरवायचे आहे. एकच गोष्ट ऐकून वाढलेले मूल एकतर सगळ्यांसमोर मान पुढे करते किंवा सगळ्यांना चकवत फिरते.

शब्द उघडपणे मोडण्याची कथाही कन्नडच्या तासाला भेटते. कुवेंपूंची ‘बोम्मनहळ्ळिय किंदरिजोगि’ ही दीर्घ कविता मुळात रॉबर्ट ब्राउनिंगच्या १८४२च्या पुंगीवाल्याची. ब्राउनिंगने ती एका आजारी मुलाच्या मनोरंजनासाठी लिहिली होती. जर्मनीतल्या हॅमेलिनचे उंदीर कुवेंपूंनी तुंगेच्या तीरावर आणून सोडले आणि ते इतके कानडी होऊन गेले की अनेकांना मूळ परदेशी आहे हे ठाऊकही नसते. उंदीर घालवून देणाऱ्याला ठरलेली रक्कम द्यायला गावचे मोठे लोक नकार देतात आणि तो गावची मुले घेऊन जातो. ब्राउनिंग शेवटी त्या आजारी मुलाला सांगतो की शब्द दिला तर पाळावा. हा उपदेश चुकीच्या माणसाला केला आहे. मुलांनी कोणता शब्द मोडला होता? करार मोठ्यांचा, लबाडी मोठ्यांची, आणि डोंगराच्या पोटात गेली ती मुले. ही कविता पालकसभेत वाचायची आहे. वर्गात तिच्यातले उंदीर पुरेसे आहेत.

चिऊकाऊच्या गोष्टीत वचन नाही, पण ‘थांब’ आहे, आणि थांब म्हणणे हेही एक वचनच. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, चिमणीचे मेणाचे टिकते. शाळेत इथे कष्टाचे आणि पक्क्या घराचे तात्पर्य काढतात. गोष्ट मात्र त्या घरात शिरायला तयार नाही. ती दाराबाहेर भिजत उभी आहे. कावळा दार वाजवतो आणि चिमणी आतून थांब म्हणते, कारण बाळाला न्हाऊ घालायचे आहे. पुन्हा वाजवतो; बाळाचे अंग पुसायचे आहे. मग काजळ, मग तीट, मग झोपवणे. प्रत्येक कारण खरे आहे, प्रत्येक कारण मायेचे आहे, आणि पाऊस पडतोच आहे. मुले ही दारावरची थाप हाताने वाजवतात, चिमणीचे उत्तर आवाज बारीक करून देतात आणि खिदळतात. शेवट घराघरांत निराळा : कुठे कावळा तव्यावर बसून भाजतो, कुठे तो चिमणीचा खाऊ फस्त करतो. शेवट कोणताही असो, मधला भाग बदलत नाही. आपल्या बाळाच्या कौतुकात दाराबाहेरचे माणूस किती सहज विसरता येते, हे इतक्या हसत-खेळत क्वचितच कोणी सांगितले असेल. (सप्टेंबर २०२२मध्ये बेळ्ळंदूरच्या बाजूला मेणाच्या घरांतही पाणी शिरले आणि मोठमोठ्या बंगल्यांतली माणसे ट्रॅक्टरवर बसून बाहेर पडली, तेव्हा चिमणीलाही दार वाजवावे लागते हे या शहराने पाहिले.)

सगळ्याच बालकवितांतून असे काही निघावे असा हट्ट धरू नये. जी. पी. राजरत्नम यांच्या पत्र्याच्या पिपाणीच्या गाण्यात कस्तुरी नावाचा मुलगा तोरा मिरवतो, पिपाणी तळ्यात पडते, रंग उडतो आणि तो रडतो. गर्वाचे घर खाली, हे उघडच आहे. पण तेवढ्यात सात सूर चढते आणि उतरते, दोन्ही क्रमांनी मुलाच्या तोंडी बसतात, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना कस्तुरीचीच दया येते. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ यांनी तर १९६१ सालीच मराठी मुलांना उपदेशातून मोकळे केले. तिथे प्राणी मजेसाठी वेडेवाकडे वागतात आणि कोणी त्यांना सुधारायला जात नाही. उपदेश नसलेल्या कवितेत मन रमू शकते हे ज्या मुलाला कळले, ते उपदेशाच्या कवितेतलीही खरी जागा ओळखते.

पालकांपुढची अडचण मात्र वेगळीच आहे. बेंगळुरूच्या सदनिकेत आजी बहुधा पडद्यावर असते. पडद्यावरून गोष्ट ऐकू येते, मांडी येत नाही. आणि भोपळा उड्या घेतो तेव्हा मांडीने उडी घ्यायची असते, नाहीतर ताल कळत नाही. हे काम आई-बाबांनी उचलायचे आहे. त्यासाठी चांगला आवाज लागत नाही. अर्थ सांगण्याची घाई नसावी, कडवे विसरले तर मुलाला पुरे करू द्यावे, आणि कन्नडच्या तासाचे गाणे घरी मराठीत सांगायला लावावे. ते सांगताना मूल अर्भुताला आजीच्या वाघाशी भांडायला लावील किंवा म्हातारीला पुण्यकोटीच्या पाठीवर बसवील. लावू द्यावे.

वाघाने उडी घेतल्यावर ‘गोविन हाडु’ संपत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते, कारण पाठ्यपुस्तकात बहुधा कडवी गाळलेली असतात. पुण्यकोटी गोठ्यात येते. ती आधी वासराला पाजते. त्यानंतर गवळ्याला बोलावून सांगते की माझ्या वंशातल्या गाईंनी आणि तुझ्या वंशातल्या गवळ्यांनी दर संक्रांतीला कृष्णाचे भजन करीत जावे. त्याच संक्रांतीला बेंगळुरूच्या जिन्याजिन्यांतून मुले ताटल्या घेऊन फिरतात. एकीत तिळगूळ असतो, दुसरीत एळ्ळु-बेल्ल, आणि दारे दोन्ही ताटल्यांना उघडली जातात.